कवेलू आणि बातमी झेलण्याची रीत

क्रिकेटचा सामना मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी, इंटर सायन्सच्या परीक्षेत, या खेळानं माझा घात करून ठेवला होता. फिजिक्सच्या पेपरात प्रश्न होता: जोरात आलेला चेंडू झेलताना खेळाडू हात मागे का घेतो?

मी लिहिलं, लागू नये म्हणून.

यात खोटं काय आहे, हे मला आजही कोणी समजावून सांगावं. तेवढं लिहून पेन खाली ठेवलं असतं तर परीक्षकानं निदान खरेपणाचे म्हणून काही गुण दिले असते. पण मला वाटलं, पेपर फिजिक्सचा आहे, त्यात फिजिक्सचा एखादा शब्द तरी पडायला हवा. म्हणून पुढे ठोकून दिलं की हात मागे घेतल्यानं इंपल्स कमी होतो. तिथं मी मेले. हे ‘मेले’ आम्ही बायका उठताबसता म्हणतो तेवढ्यावर थांबलं नाही, ते पुढे येईलच.

स्वातंत्र्याला आठदहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमचं घर अल्लीपूरला. थोडी कपाशी, थोडी तूर, एक विहीर आणि कवेलूंनी, म्हणजे मातीच्या कौलांनी, छावलेलं लांबट घर. मी मॅट्रिक झाले तेव्हा माझ्या वडिलांना, म्हणजे बाबांना, अभिमानाचा असा काही झटका आला की त्यांनी मला उचलून वर्धेला मामांच्या घरी ठेवलं आणि कॉलेजात घातलं. आमच्या आळीतली कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांच्याकडे तळेगावचं एक स्थळ तयार होतं. मुलाकडे संत्र्याचा बगीचा होता. मुलगा कसा आहे हे कोणी सांगत नसे, सगळे बगीच्याबद्दलच सांगत. दर बहराला तिकडून संत्र्यांची टोपली येई आणि मोठेबाबा एकेक फाक माझ्यापुढे धरून म्हणत, "खाऊन पाह्य. जन्मभर हेच खाशीन."

एकदा भर बाजारात दोघा भावांची यावरून जुंपली. बाबांचा पारा चढला आणि ते चार लोकांत बोलून गेले, "पोरगी इंटर पास झाली तं पुढं शिकन. नापास झाली तं तळेगावले होकार. हे माही जबान आहे." बाबांची जबान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवसापासून माझं सगळं पुढचं आयुष्य इंटरच्या निकालाला टांगलं गेलं.

मला संत्री आवडत. पण मला शिकायचं होतं, आणि शिकायचं होतं तेही फिजिक्स, जे मला सगळ्यात कमी समजत होतं. हा माझा स्वभावच आहे. जी गोष्ट मला जुमानत नाही तिच्याच मी मागे लागते.

आमचे प्रोफेसर फळ्यावर लिहीत, मोमेंटम म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. इंपल्स म्हणजे बल गुणिले वेळ. आणि जेवढा इंपल्स तेवढाच मोमेंटममधला फरक. मग फळ्याकडे पाठ करून क्रिकेटचं उदाहरण देत आणि स्वतःच हवेतला चेंडू झेलून दाखवत. आमच्यातल्या अर्ध्याअधिकांनी क्रिकेट पाहिलेलं नव्हतं. बॅट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे धुणं बडवायची मोगरी येई. प्रोफेसरांचा हात मागे जाई, आम्ही माना डोलवत असू. सगळी सूत्रं मला पाढ्यांसारखी पाठ होती. हात मागे का जातो हे मात्र विचारायची माझी हिंमत झाली नाही, कारण वर्गात मुली तीनच आणि मागच्या बाकांवर हसायला टपलेली फौज.

परीक्षा संपवून मी वैशाखात घरी आले. वैशाखात आमच्याकडे घर फेरतात. म्हणजे छपरावरची सगळी कवेलू उतरवायची, फुटकी वेगळी काढायची, साबूत झाडूनपुसून पुन्हा एकावर एक बसवायची. वर्षभर वानरांच्या टोळ्या छपरांवरून धिंगाणा घालतात, त्यामुळे फुटकी निघतातच. बाबांना गळणारं घर आणि खोटं बोलणारा माणूस या दोन्हींची सारखीच चीड. तोवर पावसाळ्यात आमच्या घरात कधी थेंब पडलेला मला आठवत नाही. आणि कवेलू झेलण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. खालून फेकलेलं कवेलू ते न बघता घेत, बोलता बोलता घेत, कोणाला शिव्या देता देता घेत.

त्या वर्षी माझा मोठा भाऊ, दादा, तापानं पडला होता. म्हणून बाबांनी छपराच्या कडेला बसून साबूत कवेलू खाली सोडायची आणि मी ती झेलायची, असं ठरलं. माय म्हणाली, "कालेजातल्या पोरीले कायले लावता?" बाबा म्हणाले, "कालेजात हात तोडून ठेवते काय?"

पहिलं कवेलू आलं. मी दोन्ही हात घट्ट पुढे केले, दगडासारखे. कवेलू माझ्या तळव्यांवर आदळलं, त्याचे तुकडे झाले आणि माझ्या हातातून रक्त आलं. दुसऱ्याचंही तेच. बाबा वरून गरजले, "अवं, हात कडक काऊन ठेवून राह्यली? कवेल्याच्या संगं खाली जाऊ दे न!"

तिसरं कवेलू आलं. ते हाताला लागलं तसे मी हात त्याच्याबरोबर खाली जाऊ दिले, जवळजवळ गुडघ्यापर्यंत. ते अलगद थांबलं. काही लागलं नाही, काही फुटलं नाही.

मी ते कवेलू हातात घेऊन तशीच उभी राहिले. कारण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला होता. कवेलू तर तिन्ही वेळा थांबलंच होतं! वरून येताना त्याच्यात जेवढा मोमेंटम होता तेवढा सगळा जायचाच होता, हात कडक ठेवा नाहीतर सैल ठेवा. म्हणजे इंपल्स तेवढाच. तो एक रतीभरही कमी होत नाही. कमी होतो तो धक्का, कारण थांबायला वेळ जास्त मिळतो. बल गुणिले वेळ! वेळ वाढला की बल घटतं, गुणाकार तेवढाच राहतो! दोन वर्षं जे पाठ केलं होतं ते अंगणात उभ्या उभ्या मला समजलं. आणि त्याच क्षणी हेही समजलं की मी पेपरात नेमकं उलटं लिहून आले आहे.

"बाबा," मी ओरडले, "मले समजलं!"

"समजलं तं धर मंग," बाबा म्हणाले आणि पुढचं कवेलू सोडलं.

परीक्षा झाल्यावर समजण्यासारखं दुःख नाही. आधी समजलं तर फायदा होतो, मुळीच नाही समजलं तर माणूस निदान सुखात राहतो.

मृगाचं आभाळ नुसतंच भरून येत होतं, तेव्हा निकाल लागला. मी वर्धेला मामांकडे आले होते. मामा कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते, तिथं वर्तमानपत्र येई. माझ्या आधीच्या मुलीचा नंबर छापलेला होता, माझ्या नंतरच्या मुलाचा होता, मधला माझा तेवढा नव्हता. कॉलेजात चौकशी केली. बाकी सगळ्यात पास, एका फिजिक्सात नापास. दिवाळीच्या सुमारास पुरवणी परीक्षा आहे, तेवढ्या एका विषयाला बसता येईल, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. बसता येईल, पण बाबांची जबान होती. मी मामांच्या घरी येऊन पोटभर रडले. विषय अखेर समजला होता आणि आता तो हातातून जाणार होता, याचंच मला जास्त रडू येत होतं.

आता बाबांना सांगायचं कसं? बाबांचा राग मला ठाऊक होता. एकदम सांगितलं तर ते त्याच पावली तळेगावला निरोप धाडतील. आणि मग मला माझं नवंकोरं ज्ञान आठवलं. बातमी म्हणजे कवेलू. बाबा म्हणजे कडक हात. बातमी बदलता येत नाही, पण थांबायला वेळ वाढवता येतो. आणि वेळ वाढवणारा माणूस माझ्या समोरच बसून पान लावत होता.

आमचे मामा सगळ्या गोतावळ्यात याच एका कामासाठी प्रसिद्ध होते. वर्धेच्या दवाखान्यात कोणा नातेवाइकाचं बरंवाईट झालं की ती बातमी गावाकडे न्यायची कामगिरी मामांकडे येई. दुसरी माणसं दारातूनच ‘गेली हो’ म्हणून टाहो फोडत आणि घरातली म्हातारीकोतारी जागच्या जागी कोसळत. मामांचं तसं नव्हतं. ते मोटारीतून उतरत, विहिरीवर पाय धूत, गडवाभर पाणी पीत. मग विचारत, कपाशी कशी काय? बैल बरे? मग म्हणत, "तुमच्या बुढीची तब्येत मांगं बरी नोती न?" घरचे म्हणत, "हाव, दवाखान्यात आहे न ते." मग मामा डोळे मिटून म्हणत, "आता तरास नाई राह्यला." मुख्य शब्द तोंडातून कधीच काढायचा नाही, हा त्यांचा नियम. घरच्यांना सगळं आपसूक कळे आणि कोणी कोसळत नसे.

मी मामांना कवेलूची गोष्ट सांगून इंपल्स समजावून दिला. ते पान चघळायचे थांबले. "म्हंजे मी आजवर करून राह्यलो ते सायन्स होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के. मामा खूप खूश झाले. मामी चुलीपासून म्हणाल्या, "मानूस काय कवेलू आहे? सांगून मोकळे व्हा न सरळ." पण सायन्स शिकलेली माणसं चुलीकडचं कधी ऐकतात?

ठरलं असं की मामांनी सकाळच्या मोटारीनं पुढे जायचं. पेपर किती कठीण होते इथपासून सुरुवात करायची. जेवणं झाली की औंदा कितीतरी पोरं घसरली म्हणायचं. दुपारपर्यंत मूळ गोष्टीच्या जवळ आणून ठेवायचं. आणि दुपारच्या मोटारीनं मी जायचं, तोवर बाबांचा हात बातमीबरोबर खाली आलेला असेल.

मामांच्या तिथल्या आगमनाच्या वेळी मी हजर नव्हते. पण तो भाग मला इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवला आहे की मी हजर होते असंच मला आता वाटतं.

मामा छत्री घेऊन मोटारीतून उतरले. समोरच्या हॉटेलवाल्यानं त्यांना पाहिलं आणि त्याच्या हातातली केटली तशीच राहिली. मामा कोणाच्या घरी जाताहेत हे पाहायला दोनचार माणसं मागे निघाली. मामा आमच्या आळीत वळले. आमचं वर्धेला कोण आहे? मीच आहे. बस, एवढं पुरे होतं. मामा विहिरीवर पोचून त्यांचा एक पाय धुऊन होतो न होतो तोच आमच्या अंगणात मायनं हंबरडा फोडला.

मामा एका ओल्या पायावर उभे राहून ऐकत राहिले. त्यांचा समज असा झाला की वर्तमानपत्र त्यांच्या आधी पोचलं. कळलेलंच आहे तर आता आपलं काम सांत्वनाचं, असं ठरवून ते खाली मान घालून ओट्यावर बसले. आळीतल्या बायका धावत आल्या, त्याही रडू लागल्या. मामांना भरून आलं. पोरीच्या शिक्षणाची गावाला एवढी आस्था असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

बाबांनी खांबाला धरून विचारलं, "कधी झालं?"

"काल सकाळी कळलं," मामा म्हणाले.

"कायनं?"

"फिजिक्सनं."

बाबांनी हा रोग कधी ऐकला नव्हता. इंग्रजी दिसतो, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "घाई नोका करू. दुपारच्या मोटारीनं येऊन राह्यली ते."

दुपारच्या मोटारीतून मी उतरले तेव्हा स्टँडवर आमच्या आळीतले चार बाप्ये बाज घेऊन उभे होते. रिकामी बाज, वर धुतलेली चादर. मला पाहून त्यातल्या एकाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरा खाली वाकून माझ्या पायांकडे पाहू लागला. भुताचे पाय उलटे असतात, ते तो तपासत होता हे मला नंतर कळलं. मी विचारलं, "काकाजी, बाज कोनासाठी आनली?" कोणी उत्तर दिलं नाही. हॉटेलातले लोक उठून उभे राहिले. एका म्हातारीनं पदरानं तोंड झाकलं.

मी नापास झाल्याचं कळलं म्हणून गावानं बोलणं टाकलं, असं मला वाटलं आणि माझा संतापच झाला. एका विषयात नापास झाले तर एवढं? मी तणतणत घराकडे निघाले. माझ्या मागून, जरा अंतर ठेवून, ती रिकामी बाज घेऊन चौघंजण चालू लागले. मी थांबले की बाज थांबे. मी वळून पाहिलं की चौघंही आभाळाकडे पाहत.

घराजवळ आले तर आतून मायचा आवाज येत होता. "माही गुनाची पोर! कधी कोनाले उलटून नाई बोलली व माय!" ही कोणाबद्दल बोलते आहे, मला कळेना. "कामाची कशी वाघीन होती! शेनाची पाटी पहाटीच उचले!" शेणाच्या पाटीला मी जन्मात कधी हात लावलेला नव्हता. मग तिनं माझं नाव घेतलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खरं सांगते, तरीही मी कुडाच्या आड उभी राहून आणखी थोडं ऐकलं. जिवंतपणी माझी इतकी स्तुती त्या घरात कधी झाली नव्हती, पुढेही झाली नाही.

मग मी अंगणात पाऊल टाकलं. एकेकाचं रडणं थांबत गेलं. बाबा खांबाला टेकून जमिनीवर बसले होते, डोक्याला फडकं नव्हतं. त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते उठले, माझ्याजवळ आले आणि माझे दोन्ही खांदे धरून त्यांनी ते दाबून पाहिले.

"तू आहे?"

"हाव बाबा."

"मंग काय झालं?"

मी ठरवलेलं सगळं विसरले. पेपर कठीण होते, पोरं घसरली, काही आठवलं नाही. एका दमात म्हणाले, "बाबा, मी फिजिक्समंधी नापास झाली."

"आनखी?"

"आनखी काई नाई."

"बस, एवढंच?" बाबा म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले. ते हसत होते की रडत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. या माणसाला घाबरून मी दिवसभर थरथरत होते, आणि तो माझ्या पायाशी बसून माझ्या पायाचा घोटा घट्ट धरून होता, मी परत कुठे जाईन म्हणून. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

मायचं दुःख मात्र जागच्या जागी फिरलं आणि मामांवर कोसळलं. सख्ख्या भावाला तिनं त्या दुपारी जे जे म्हटलं ते लिहिण्याजोगं नाही. मामा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "म्या तं कोनी मेलं असं म्हटलंच नाई!" आणि ते खरंच होतं. त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं, कोणत्याच घरी. माझ्या सायन्समध्ये चूक ती एवढीच झाली होती. कवेलूला हात ओळखत नाही. आमचं गाव मात्र मामांना ओळखत होतं.

शेजारच्या काकू एव्हाना पिठल्याचं गंज, म्हणजे पातेलं, आणि भाकरी घेऊन आल्या होत्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीच जेवण आणतात. आता हे पिठलं खावं की नाही यावर बायकांत वाद सुरू झाला. एकीचं म्हणणं, सुतकाचं अन्न आहे, बैलांना घाला. काकूंचं म्हणणं, तेल-मसाला घालून केलेलं आहे, बैलांना कशाला?

या गडबडीत सगळ्यात आधी भानावर आले ते मोठेबाबा. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "झालं ते बरंच झालं. पोरगी नापास झाली न? मंग तळेगावले होकार कळवून टाकू. तुही जबान आहे."

बाबांनी माझा घोटा सोडला नाही. खाली बसूनच त्यांनी मोठ्या भावाकडे पाहिलं.

"जबान नापास झाली तं, अशी होती," बाबा म्हणाले. "हे तं मरून आली. त्याची जबान म्या कुठी देल्ली?"

"हे काय बोलनं झालं?"

"भाऊ, मी आत्ता तिच्या नावानं रडून बसलो. तुम्ही बी रडले. एकडाव घालवून पाह्यली, लई भारी जाते. आता इतक्यात मी तिले कोनाच्याच घरी धाडत नाई. शिकू दे."

मी ती संधी सोडणार होते होय! "मंग दिवाळीच्या परीक्षेले बसू, बाबा?"

"बस."

"आनखी नापास झाली तं?"

"तं सांगाले ह्याले नोको धाडू," बाबांनी मामांकडे बोट दाखवलं.

मग सगळ्यांनी पिठलं खाल्लं. बाज आणणाऱ्या चौघांनीही खाल्लं. इतकं चवदार पिठलं मी पुन्हा खाल्लं नाही.

त्या दिवसापासून मामांसाठी आमच्या घरात नवा कायदा झाला. अल्लीपूरला आलं की मोटारीच्या दारात उभं राहून आधी ओरडायचं, "सारे जितेजागते आहे!" आणि मगच पाय खाली ठेवायचा. मामांनी तो पुढे शेवटपर्यंत पाळला. एकदा ते खरोखरच वाईट बातमी घेऊन आले, तेव्हा मोटारीतून उतरायलाच तयार होईनात, ड्रायव्हर वैतागून गेला.

मी वर्धेला परत गेले आणि इरेला पेटून अभ्यास केला. पुरवणी परीक्षेत पुन्हा तोच क्रिकेटवाला प्रश्न आला. परीक्षकांनाही दुसरं काही सुचत नसावं. या वेळी मी लिहिलं की चेंडूचा मोमेंटम दोन्ही रीतींनी तेवढाच जातो, इंपल्स तेवढाच राहतो, फक्त वेळ वाढतो म्हणून बल कमी होतं. आणि खाली लिहिलं, ‘उदाहरणार्थ, कवेलू.’ परीक्षक कवेलूच्या घरातला असेल की सिमेंटच्या, ही धाकधूक निकालापर्यंत राहिली.

दिवाळी होऊन गेल्यावर निकाल आला. पास! मामा छत्री शोधायला उठले तेव्हा मामींनी छत्री आपल्या मागे लपवली. मी एकटीच मोटारीत बसले. वाटभर विचार करत होते, कसं सांगावं? हळू सांगितलं तर माय पुन्हा ऊर बडवायची. आणि आनंदाच्या बातमीला कशाला हवं हात मागे घेणं? ही बातमी काय कोणाला लागणार होती?

आळीत शिरले तर बाबा छपरावर होते. आदल्या दिवशी वानरांनी उड्या मारून कवेलू फोडली होती. दादा खालून एकेक फेकत होता आणि बाबा नेहमीप्रमाणे न बघता घेत होते, शेजाऱ्याशी वानरांबद्दल बोलत बोलत.

मी फाटकातूनच ओरडले, "बाबा, पास!"

कवेलू दादाच्या हातून सुटलेलं होतं. ते नीट वर गेलं, बाबांच्या हाताजवळ गेलं. बाबांचा हात हललाच नाही. ते त्यांच्या कानाशेजारून निघून गेलं, छपरावर आपटून फुटलं आणि बाजूची चांगली कवेलूही फोडून गेलं. बाबांच्या हातून कवेलू सुटलेलं आमच्या घरात कोणी पाहिलं नव्हतं. दादा तोंड उघडं टाकून वर पाहत राहिला. बाबा फुटलेल्या जागेकडे पाहतच नव्हते, ते माझ्याकडे पाहत होते.

"अवं पोरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, "जरासं हळू सांगा लागत होतं न."

मग शिडीवरून खाली उतरले ते पुन्हा त्या दिवशी वर गेले नाहीत. पुढच्या वैशाखात घर फेरलं तेव्हा दादानं त्यांना ती फुटकी जागा दाखवली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दुसरीकडे बसवायला कवेलू मागितली. पावसाळा लागला आणि तिथून बरोबर बाबांच्या बाजेवर पाणी गळायला लागलं. माय रोज कटकट करी. ज्या माणसाला छपरातून पडलेला एक थेंब खपत नसे, त्यानं बाज हातभर सरकवली आणि गळक्या जागेखाली गंज ठेवलं. मी बी.एस्सी. होईस्तोवर दर पावसाळ्यात ते गंज तिथंच असे.